डावीकडून आलेली सायकल

१२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पोचले. सकाळचं प्रॅक्टिकल बुडालं ते बुडालंच. सबमिशन सरांनी न उघडताच टेबलावर ठेवलं. या सेमिस्टरला श्वास घ्यायचा तरी अर्ज द्यावा लागेल, अशी गत आहे. त्यात आईने दोन दिवस येऊन जा म्हणून लकडा लावला, आणि आले ती लॅपटॉप पुढ्यात घेऊनच बसले. आई नुसती शेजारी येऊन बसली, तर तिच्यावरही खेकसले. तिला सांगा, मला त्याची लाज वाटते आहे.

पण पत्र त्यासाठी नाही. फोनवर बोलले असते तर तुम्ही चेष्टेवारी नेऊन फोन आईच्या हातात दिला असता.

काल तुम्ही मला शाळेच्या बसमधूनच स्टेशनवर सोडलंत. मागे अकरा मुलं होती. पेट्रोल पंपाच्या वळणावर डावीकडून सायकलवर एक बाई आल्या. मला दिसल्या, पहिल्या बाकावरच्या मुलींनाही दिसल्या. तुम्हाला दिसल्या नाहीत. मी किंचाळले तेव्हा तुम्ही ब्रेक दाबलात. त्या पडल्या, उठल्या, हात झटकून निघून गेल्या. मध्येच घुसली, असं तुम्ही म्हणालात. बाबा, त्या घुसल्या नव्हत्या. सरळ येत होत्या.

मग मी उतरताना तुम्ही हळूच म्हणालात, हे आईला कळू देऊ नकोस. आजवर तुम्ही मला कुणापासून काही लपवायला सांगितलं नव्हतं.

डोळे दाखवून घ्या. उद्याच.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
भिंगरी


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
बाबाचे पोटभर आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून आधी वाटलं, डॉक्टरचीच चिठ्ठी आली. कॉलेजात अक्षर सुधारायचं सबमिशन नसतं का?

अगं, बावीस वर्षं ही बस चालवतो आहे. एका मुलाला ओरखडा नाही. मला बसकाका म्हणणाऱ्यांतल्या काहींची मुलं आता माझ्याच बसमध्ये बसतात. डोळ्यांत धूळ जाते, एवढंच. सुट्टी लागली की दाखवू. आईचं म्हणशील, तर तुझं खेकसणं ती केव्हाच विसरली, आणि तुझं किंचाळणं मी विसरलो. हिशोब मिटला.

तू पुस्तकात डोकं घाल, माझ्या डोळ्यांत नको. जेवत जा वेळेवर.

तुझा लोभी,
बाबा


२१ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आज पेपर होता. अर्ध्या तासात बाहेर आले, कारण प्रश्न वाचायचे आणि समोर ते वळण दिसायचं.

सुट्टीला अजून दोन महिने आहेत. म्हणजे रोज दोन फेऱ्या, रोज अकरा मुलं. शाळेच्या मुख्याध्यापिकांना मी एक पत्र लिहून ठेवलं आहे. पाकिटावर पत्ताही घातला आहे. येत्या शनिवारपर्यंत तुम्ही डॉक्टरकडे गेला नाहीत, तर ते पेटीत टाकेन. तुम्ही कायमचा अबोला धरलात तरी.

सायकल शिकवताना तुम्ही सीटला धरून माझ्यामागे धावला होतात. त्याच माणसाला मी धमकी देते आहे. हे मी का करते आहे ते तुम्हाला कळेल. एवढीच आशा आहे.

भिंगरी


२८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

अक्षर आईचं आहे. मी सांगतो, ती लिहिते. तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातलेत, सगळं धुकट दिसतं आहे.

तुझ्या पत्रावर दोन दिवस धुमसत होतो. पोरगी बापाला मुदत देते! मग गुरुवारी बस धुवायला घेतली. डाव्या अंगाला दारापासून मागच्या चाकापर्यंत पत्रा खरवडलेला. ताजा. कुठे घासला, कधी घासला, मला आठवेना. आठवेना काय, मला कळलंच नव्हतं. भिंत होती की माणूस होतं, हेसुद्धा. बादली तिथेच सोडली आणि चाव्या मुख्याध्यापिकांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते राखायचं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, ऑफिसात बसा. बघू. मला बसायची सवय नाही.

तुझ्यावर मुळीच रागावलो नाही असं लिही म्हटलं, तर तुझी आई लिहायला तयार नाही. खोटं लिहिणार नाही म्हणते. तर थोडा रागावलो आहे. उतरेल.

बुडालेला पेपर पुन्हा दे.

बाबा

ता. क. ह्यांना न सांगता मी लिहिते. वर्षभर मला दिसत होतं, गं. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप यांच्या धक्क्याने पडायचा, म्हणून मी तो समोर ठेवायला लागले आणि गप्प बसले. विचारलं असतं तर बस सुटली असती, आणि बस सोडून हे कसे जगतील, ते मला सुचत नव्हतं. म्हणून तुला बोलावून घेतलं. त्या दिवशी तुझ्याशेजारी तेच सांगायला बसले होते.

आज साडेसातला नवीन ड्रायव्हर बस घेऊन समोरून गेला. हे दारात उभे होते. बस वळेपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, क्लच जपून सोडतो, मुलांना हिसका बसणार नाही. मग आत येऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

तुझी,
आई