चित्राचं तोंड

मंगळवार, ४ फेब्रुवारी

खेळाचं टेबल बंद पडलं. संध्याकाळी केलच्या पाल्याचं सूप वाढलं, बटण दाबलं, तर काचेखाली नुसती एक पांढरी आडवी रेघ. आवाज मात्र सगळे — गोळ्या सुटतायत, किडे मरतायत, दिसत काही नाही. सेराफिमने चमचा खाली ठेवला. "बाई, आज दुकान बंद दिसतंय," म्हणाला, आणि उठून निजायला गेला.

नाताळापर्यंत मी लिंदा होते. नाताळापासून बाई. दुकानात कामाला ठेवलेली बाई समजतो मला. बायको समजायचा तेव्हाही काम तेच होतं म्हणा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, त्याने रोज काय खाल्लं ते उतरवून ठेवा. लहानपणी आमच्या बेटावर शाळा होती, पण ती भावांसाठी. म्हणून मी बोलते, नात लिहिते. ओदेत, लिही — काही नाही खाल्लं. एवढं लिहायला इतका वेळ लागतो होय गं?

बुधवार, ५

अर्धा पाव. ओदेत म्हणते, आजी, तुला काय वाटतं तेही सांग. काय वाटायचं? भांडी घासली.

गुरुवार, ६

नोर्बेर्तोला बोलावलं. आमचं कॉफीचं दुकान होतं तेव्हापासून हे यंत्र तोच दुरुस्त करतो. दुकान गेलं, खुर्च्या गेल्या. हे खेळाचं टेबल तेवढं सेराफिमने स्वयंपाकघरात आणून ठेवलं. ह्याच काचेवर आम्ही जेवतो, समोरासमोर. एकाचा डाव संपला की चित्र उलटं होऊन दुसऱ्याकडे तोंड करतं. आता खेळत कोणी नाही. पण बटण दाबलं की किडे आपले आपण उतरत राहतात, आणि त्यांच्याकडे बघत म्हातारा जेवतो. किडे नाहीत तर जेवण नाही. वजन आणखी उतरलं तर त्याला म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवावं लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी बरं म्हटलं.

नोर्बेर्तो कान लावून बसला. "आवाज येतोय म्हणजे खेळ धडधाकट आहे, वहिनी. दुखणं पडद्याचं." काच उचलली. आत हात घालण्याआधी पडद्याच्या काचेच्या नळीत साठलेली वीज तारेने उतरवली. बंद असली तरी लाथ मारते म्हणे.

"आमचा म्हातारा तर चालू असूनही मारत नाही," मी म्हटलं. तो हसला. मी नाही.

हात घालून चाचपून झालं. मग चालू करून म्हणाला, "एक लाकडी डाव द्या." सुपाचा दिला. त्याच्या दांड्याने पडद्यामागच्या पुर्ज्यांच्या पाटीवर हळूच टकटक करत गेला. एका जागी ठोकलं आणि रेघ फाकली — किडे दिसले, परत मिटले.

"सापडलं. इथला डाख तडकलाय, सांधा सुटतोय."

"डाव धुऊन दे."

"आता ह्याच्याने सूप नका वाढू हो."

"तुलाच वाढणार आहे."

म्हाताऱ्याने चार घास केक खाल्ला. सूप नाही.

शुक्रवार, ७

दुपारभर नोर्बेर्तो होता. नवा डाख दिला, आटलेले बारके भाग बदलले. पडद्याच्या तारांचा जुना जोड हातात भुगा झाला, म्हणून तारा सुट्ट्याच जोडल्या. चालू केलं. चित्र आलं! पण उलटं. तोंड माझ्या खुर्चीकडे.

"दोन तारा उलट्या लागल्या," म्हणाला. "पाच मिनिटांचं काम." पण बाहेर बर्फ वाढत होता, आणि चढावर त्याची गाडी घसरते. उद्या येतो म्हणाला.

ओदेत म्हणते, तुझ्या बाजूने अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात, आजी. मला काय त्याचं? सरळ होती तेव्हाही वाचता येत नव्हती.

सेराफिम अजून निजलाय. उठेल, उलटे किडे बघेल, परत निजेल. संस्थेत न्यायचे सदरे ओदेतने इस्त्री करून ठेवलेत. मी घड्या घातल्या. हात चालतात, बाकी काही नाही.

शनिवार, ८

काल संध्याकाळी सूप वाढत होते. त्याने काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टेबलावरचा हात मागे घेतला. म्हणाला, "लिंदा, तुझा डाव."

मला वाटलं, हातातला म्हणतोय. पुढे केला.

"तो नाही गं, हा," म्हणाला आणि काचेवर बोट ठेवलं.

मी बसले. खेळ सुरू नव्हता, किडे आपले आपणच मरत होते. मी नुसती खेळाची दांडी हलवत राहिले. तो बघत बघत जेवला.

सकाळी नोर्बेर्तोला सांगितलं, येऊ नकोस.

ओदेत, थांबलीस का? लिही. दोन वाट्या.