क्लेटनच्या डोक्याचा वाटा

मी, लोरेटा पावलाक, राहणार मेपल रन, पेनसिल्व्हेनिया, वय चौपन्न, धंदा बायकांचे केस कापणे व रंगवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. पोटातली गाठ डोक्यापर्यंत चढलेली नाही, तसा डॉक्टरचा दाखला जोडला आहे. शिक्षण सहावी. वकिलाचा मसुदा मी परत केला, कारण त्यात मी कुणालाच काही बोलले नव्हते.

माझं घर, खालचं दुकान, खुर्च्या, ड्रायर आणि सगळ्या कात्र्या भाची टेस हिला. लांब कात्रीने कागद कापायचा नाही.

भाऊ रोमान याला माझ्या अंत्यविधीचं जेवण. कोबीचे रोल पोटभर खावेत, डबा भरून नेऊ नये. आई आजारी असताना तो दोनदा आला. एकदा टीव्ही न्यायला, एकदा त्याचा रिमोट.

समोरच्या खाटकाला काही नाही. का ते खाली येईल.

आता टेसला हे घर लाभेल की नाही, ते. गावाच्या कचऱ्याच्या खड्ड्यात नदीपलीकडच्या रंगाच्या कारखान्याने वर्षानुवर्षं पिंपं ओतली, विहिरी नासल्या. सरकारने त्याला साफ करायला लावलं. पण घातक कचऱ्याचा कायदा असा, की त्या खड्ड्यात ज्याने म्हणून काही टाकलं, त्या प्रत्येकाकडून कारखाना वाटा मागू शकतो. त्यासाठी त्यांचा एक गोड माणूस दुकानात आला. मी त्याला कॉफी आणि अक्रोडाचा केक दिला.

"मॅडम, रंगाच्या रिकाम्या बाटल्या कुठे टाकता हो?"

"सगळं गाव टाकतं तिथेच. या गावात एकही बाई मला विचारल्याशिवाय म्हातारी झालेली नाही, मग बाटल्या होणारच."

त्याने केकचा आणखी एक तुकडा मागितला. पुढच्या महिन्यात माझ्यावर दावा, घर विकूनच फिटेल एवढ्या वाट्याचा. खाटकाने सांगितलं, माझ्याकडे कचराच होत नाही. तो सुटला.

नगर परिषदेने ठराव केला, की हा कायदा बदला, गावाला आणि लहान दुकानदारांसारख्या थोडा कचरा टाकणाऱ्यांना वगळा. नगराध्यक्ष क्लेटन ओगडेन मला वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे घेऊन गेला. गाडीत म्हणाला, "लोरेटा, डोक्याला रुमाल बांध. आणि रडू आलं तर आवरू नकोस."

"नाही आलं तर?"

"गाठ आठव की."

मी रुमाल बांधला, रडले. सगळ्यांनी माना हलवल्या.

फेब्रुवारीत क्लेटनने ठरावाचा नवा मसुदा आणला. नुसतं गाव वगळा. थोडा कचरा टाकणाऱ्यांची ओळ गायब. ती काढलीत तर आम्ही गावाच्या आड येणार नाही, असा कारखान्याचा निरोप होता.

"आधी गाव सुटू दे गं," क्लेटन मला म्हणाला. "तुमचं पुढच्या खेपेला बघू."

"पुढच्या खेपेला मी असेन का?"

"तेच तर. मग तुला काय फरक पडतो?"

हे तो माझ्याच खुर्चीत बसून बोलला, डोक्याला काळा रंग थापलेला.

म्हणून शपथेवर लिहिते. क्लेटन ओगडेन एकोणीस वर्षं दर महिन्याला एका रविवारी माझ्या मागच्या दाराने येतो आणि केस काळे करून घेतो. रिकामी बाटली माझ्या डब्यात राहिली तर लोक बघतील, म्हणून ती वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या गाडीने नेऊन खड्ड्यात टाकतो. दोनदा मी गाडीत सोबत होते. गोड माणसाला मी हे सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाचं डोकं गिऱ्हाइकाचं. आता सांगते. या बाटल्या गावाच्या नाहीत, क्लेटनच्या आहेत. गाव सुटलं तरी तो सुटत नाही. त्याला सोडवील अशी एकच ओळ आहे, थोडा कचरा टाकणाऱ्यांची, आणि ती त्यानेच खोडली आहे.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी या नव्या ठरावावर नगर परिषदेत शेवटचं मतदान आहे. त्याआधी हा कागद सभेत मोठ्याने वाचावा. मी असले तर मी, नाहीतर टेस. गोड माणूस पहिल्या रांगेत बसतो, त्याला ऐकू जाईल असं वाचावं. मग क्लेटनने ओळ परत घालावी किंवा माझ्याशेजारी उभं राहून वाटा भरावा. मी नसले तर टेसशेजारी.

क्लेटनला माझ्याकडची उरलेली अर्धी बाटली. स्वतःची स्वतः लावावी. मानेमागे हात पोचत नाही, ते गावाने बघावं.

शवपेटीत माझे केस टेसने करावेत. पांढरे ठेवावेत.

मेपल रन, ११ मार्च १९९६
लोरेटा पावलाक

साक्षीदार:
बेन्नो हायडलर, अंत्यविधी व्यवस्थापक. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचलेला नाही.
मार्सेला ओगडेन, नगराध्यक्षांची पत्नी. मजकूर दोनदा वाचून सही केली. उशीच्या अभ्र्यांवरचे काळे डाग मीच धुते.