रिपोर्ट चांगला, तरी गोळी

दिवेआगर,
४ ऑगस्ट २०२५

चि. क्षिप्रा हिस,
अनुसूयाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन करणार होते, पण तुझ्या काकांचे कान अजून शाबूत आहेत, म्हणून पत्र. माहेरात तू एकटीच डॉक्टर, तेव्हा खरं सांग. जानेवारीत यांच्या हृदयात स्टेंट घातला, तेव्हापासून कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. मेमधला रिपोर्ट उत्तम आला. वाईट कोलेस्टेरॉल एकशे अठ्ठेचाळीसवरून बासष्टवर. मी बोर्लीच्या डॉक्टरांना विचारलं, आता बंद ना? तर हसून म्हणाले, काकू, ही जन्माची सोबत. ताप उतरल्यावर तापाची गोळी कोणी जन्मभर खातं का? रोग गेला तरी गिऱ्हाईक जाता कामा नये, असा हा धंदा! त्यांच्या टेबलावरचं घड्याळ, पेन, कॅलेंडर, सगळ्यावर औषध कंपन्यांची नावं. मी कॉन्व्हेंटात शिकले, इंग्रजी वाचता येतं मला.

त्यात मेपासून यांचे पाय दुखतात. गोळीबरोबरच्या कागदावर स्नायूदुखी स्वच्छ छापलेली आहे. शेजारची कोकिळा सांगते, तिच्या दिराचं लिव्हर याच गोळीनं गेलं. दीर रोज काय प्यायचा, ते मात्र सांगत नाही. आणि वर, नारळाचं वाटण कमी करा म्हणे. दिवेआगरात!

ही गोळी कोणी काही दिवस थांबवली तर काय होतं? नुसतं विचारते.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, उत्तर मात्र लगेच हवं.
तुझी आत्या


पनवेल,
११ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आत्यास,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

तुझं 'नुसतं विचारते' दोनदा वाचलं. तू नुसतं काही विचारत नाहीस.

कोलेस्टेरॉल बरंचसं आपलं यकृतच तयार करतं. ही गोळी तिथे लगाम घालते. मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ओढून घेतं, आणि रक्तवाहिन्यांत आधीच साचलेला थरही फुटायची भीती कमी होते. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे. काका पावसाआधी सुपारीच्या घडांवर मोरचूद-चुना फवारतात, तेव्हा एकही फळ सडलेलं नसतं. मग सडलं नाही म्हणून पुढच्या वर्षी फवारणी थांबवतात का?

टेबलावरच्या पेनांबद्दल तुझा संशय वावगा नाही. पण स्टेंट पेनांनी घातला नाही. स्नायूदुखी काहींना खरंच होते. त्याची रक्ततपासणी असते, डोस कमी किंवा गोळी बदलता येते. मनानं बंद करू नये. काकांचं रक्त या आठवड्यातच तपासून घे, आणि काही केलं असशील तर तेही कळव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी क्षिप्रा


दिवेआगर,
२ सप्टेंबर २०२५

चि. क्षिप्रा हिस,
आशीर्वाद.

केलं होतं. जूनच्या अखेरीपासून रात्रीच्या जेवणानंतर मी यांना त्या गोळीऐवजी तशीच पांढरी कॅल्शियमची देत होते. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, औषध माझ्याच हातून घेतात. मी तळहातावर ठेवायची, यांनी न बघता तोंडात टाकायची.

पाय दुखणं थांबलं नाही. आठ आठवडे ती गोळी पोटात नव्हती, तरी रोज संध्याकाळी कण्हणं चालूच, आणि रोज दोष त्या गोळीलाच! मी मान डोलवायची. तपासणीत स्नायू निर्दोष निघाले. दुखतात ते गुडघे, वाडीत तासन्‌तास उकिडवं बसून सुपारी सोलल्यानं. गोळी थांबवूनही दुखणं थांबलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पण वाईट कोलेस्टेरॉल एकशे एकेचाळीस निघालं. डॉक्टर चिंतेत पडले. म्हणाले, एवढी गोळी यांना पुरत नाही, आणि दुप्पट ताकदीची लिहायला पेन उचललं. हे शेजारीच बसले होते, चेहरा उतरला होता. आता आणखी आत काय बिघडलं, असं हळूच विचारत होते. मग मला बोलावंच लागलं, दोघांसमोर.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जुनीच गोळी, जुनाच डोस, ऑक्टोबरात पुन्हा तपासणी. मला बोल लावला नाही, तेच जास्त लागलं. हे रिक्षात एवढंच म्हणाले की, अनू, मेलो असतो तर तुला तरी कळलं असतं का कशानं.

आता रात्री मी गोळी देते, तेव्हा हे चष्मा मागतात. पाकीट हातात घेऊन नाव वाचतात, एकेक अक्षर लावून, कारण इंग्रजी यांना नीट येत नाही. मग गिळतात. मी पाण्याचा पेला धरून उभी असते.

काकांसाठी म्हणून का होईना, येत राहा.
तुझी आत्या