भिंगरीची सुट्टी

दि. ४ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. भिंगरीला शाळेत पुन्हा फीट आली आणि डॉक्टर अपस्मार म्हणाले, हे वाचून तुझी वहिनी जेवलीच नाही. गोळ्या वेळेवर देत जा.

सुट्टीचं मात्र यंदा राहू दे. आमचं घर म्हणजे शिवणकामाचं दुकान. जिकडे तिकडे कात्र्या, तापलेल्या इस्त्र्या, त्यात तो अरुंद जिना. पोरीला काही झालं तर तुला काय तोंड दाखवू? जरा बरी होऊ दे, मग महिनाभर ठेवून घेतो. तिला सांग, मामाकडे कामाची गर्दी आहे.

राग मानू नकोस.

तुझा दादा

दि. ११ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राग मानू नकोस म्हणालास, म्हणून मुद्दाम मानते. भिंगरीला गर्दीचं सांगितलं. ती म्हणाली, गर्दी असली की मामा मलाच बटणं निवडायला बसवतो. आठ वर्षांची आहे, दूधखुळी नाही. शेजारणीने मुलांना आमच्याकडे पाठवणं बंद केलंय. हे कुणाला शिवल्याने होत नाही, सांगून सांगून माझं तोंड दुखलं. लोकांचं सोसलं रे, तुझं नाही सोसवत.

पहिल्या वेळी सासूबाईंनी तिच्या दातांत चमचा घातला. चांगल्या मनाने घातला, पण दात तुटला. म्हणून शाळेत जाऊन सगळ्या बाईंना सांगून आले, तेच तुला सांगते. फीट आली की तिला कुशीवर वळव, डोक्याखाली मऊ काही ठेव, गळ्याशी कपडे सैल कर. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. दाबून धरायचं नाही. घड्याळ बघ, पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठ. बाकी ती आपली भिंगरीच आहे.

वहिनीला नमस्कार. लोभ आटला असेल तर तसं स्पष्ट कळव.

धाकटी

दि. १९ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

कान उपटलेस ते बरं केलंस. वहिनी तर माझ्याशी धड बोलतच नव्हती. शेवटी काल शटर ओढून मी कारागिरांसमोर जमिनीवर आडवा झालो आणि म्हटलं, समजा मला फीट आलीय. कापड दाबून धरण्यात जन्म गेलेली माणसं ती. चौघांनी माझे हातपाय असे दाबले की मला हलता येईना. वहिनीने तुझं पत्र मोठ्याने वाचून सगळं पहिल्यापासून करायला लावलं. हसून हसून पुरेवाट झाली.

एकटे कटिंगमास्तर हसले नाहीत. मागाहून मला बाजूला घेऊन म्हणाले, माझ्या मुलाला हेच आहे, काम जाईल म्हणून कधी बोललो नाही. इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी उभा राहून कापड कापतोय. मला फार लाज वाटली गं.

पोरीला आणून सोड. इस्त्र्या आतल्या खोलीत हलवल्यात. तिची गादी खालीच घालू.

लोभ आटलेला नाही, भित्रा झाला होता.

दादा

दि. ६ मे

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

आधी हे वाच: भिंगरी बरी आहे. काल दुपारी बटणं निवडता निवडता तिला फीट आली. मी तिला कुशीवर वळवलं. मास्तरांनी आपला सदरा घडी करून डोक्याखाली सरकवला, वहिनी घड्याळ धरून बसली. कुणी तिला दाबलं नाही. दोन मिनिटांत थांबलं, पण ती दोन मिनिटं सरता सरेनात. तू हे एकटीने किती वेळा काढलंस? संध्याकाळी डॉक्टरांना विचारून आलो, ते म्हणाले गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा.

ती झोपून उठली. मग तिने हळूच विचारलं, मामा, आता मला परत पाठवणार का.

वहिनी तिला म्हणाली, सुट्टी संपायच्या आत तुला न्यायला कुणी आलं, तर त्यांना दारातूनच परत पाठवीन. तेव्हा धाकटे, तू येऊ नकोस.

दादा