तिसऱ्या पिंपाची व्यवस्था

मी, थेमिस्तोक्लिस अनार्गिरू कार्वेलास, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय पाकसिद्धी, राहणार नाफ्प्लियो, जुने गाव, ‘तो क्लिमा’ अर्थात ‘द्राक्षवेल’ या तावेर्नाच्या, म्हणजे खानावळीच्या, वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वहस्ताक्षरात, स्वेच्छेने आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. यकृताविषयी तसे विधान करण्यास अथेन्सचे वैद्य धजावत नाहीत. स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्रास आमच्या कायद्यानुसार साक्षीदारांची आवश्यकता नाही. तथापि मला कोणतेही गंभीर कृत्य एकट्याने करण्याची सवय नसल्याने ते घेतले आहेत.

कलम १. वास्तू. या घराचा पाया कोणा व्हेनिसच्या व्यापाऱ्याने घातला, सज्जा तुर्काने काढला आणि संडास माझ्या आजोबांनी बांधला. इतिहासकार तिसऱ्या योगदानाचा उल्लेख टाळतात. वडिलांनी वाटणी करताना चुलीपासून वरचे सर्व मला आणि चुलीखालचे सर्व, म्हणजे तळघर व त्यातील द्राक्षाच्या दारूची पिंपे, माझा धाकटा भाऊ स्तामातीस यास दिले. ती पिंपे तळघरातच बांधली गेल्यामुळे दारातून बाहेर निघू शकत नाहीत. आमच्या घरातील वैराचेही तसेच आहे.

माझा संपूर्ण हिस्सा मी उक्त स्तामातीस यास देत आहे. मला अपत्य नाही व पत्नी हयात नाही. वकिलाने काही अटी घालण्याचा सल्ला दिला होता. एकही घातलेली नाही.

कलम २. वैर. अंगणावरची द्राक्षवेल आमच्या आईने लावली होती. तावेर्नाचे नाव तिच्यावरून पडले आणि उन्हाळ्यात निम्मी टेबले तिच्या सावलीत मांडली जात. एका सकाळी, मी मासळीबाजारात गेलो असता, स्तामातीसने ती बुंध्यापासून तोडली. मुळे तळघराच्या कमानीत शिरून पिंपांवर दगड पडू लागले होते, असे त्याचे म्हणणे. दगड पडत होते हे सत्य आहे. मला विचारले नाही हेही सत्य आहे. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सदर कृत्याबद्दल मी त्यास क्षमा केलेली नाही आणि कलम १ चा तसा अर्थ कोणीही लावू नये.

कलम ३. किरकोळ. तांब्याची सर्व पातेली लीरी हिला द्यावीत. ती अल्बानियाच्या डोंगरातून येथे भांडी घासावयास आली आणि आज माझ्याहून उत्तम कोकरू शिजवते. ही गोष्ट मी जिवंतपणी मान्य केलेली नाही. गिऱ्हाइकाने स्वयंपाकघरात येऊन, झाकणे उचलून, आत डोकावूनच काय खायचे ते ठरवावे, ही प्रथा तिने मोडू नये. कोपऱ्यातील टेबल आमचे म्हातारे गिऱ्हाईक बार्बा फोतीस यांस, ज्यांनी ते पूर्वीच बळकावले आहे. सोंगट्यांचा पट मात्र त्यांना देऊ नये. ते पडलेले फासे हाताने फिरवतात.

कलम ४. माझी पत्नी एवांथिया. अबोला धरलेल्या दोन भावांनी एक तावेर्ना कशी चालवली, असे लोक विचारतात. आम्ही चालवलीच नाही. तिने चालवली.

भर दुपारच्या गर्दीत तळघराच्या जिन्यातून आवाज येई, “वहिनी, त्या तुझ्या महाशयांना विचार, चण्यांत मीठ घातलंय का समुद्र आणून ओतलाय?”

एवांथिया चुलीपाशी येऊन मला सांगे, “स्तामातीस म्हणतोय, चणे झकास झालेत. उद्या मीठ जरा हात आखडून.”

“त्या पिंपातल्या उंदराला म्हणावं, तुझी दारू लोक माझ्या चण्यांच्या आधाराने गिळतात!”

ती जिन्याशी जाऊन खाली वाकून सांगे, “हे म्हणतायत, चण्यांबरोबर तुझीच दारू हवी, दुसरी चालत नाही.”

जिना फार लांब नव्हता. मूळ वाक्ये आम्हा दोघांनाही स्वच्छ ऐकू येत, आणि हे तिलाही ठाऊक होते. भांडण मूळ वाक्यांवर चाले, संसार तिच्या वाक्यांवर.

ती गेल्यावर हे दूतकर्म लीरीकडे आले. लीरीस शब्दांत भर घालणे म्हणजे भेसळ वाटते. ती चुलीपाशी येऊन सांगते, “तो म्हणतो, समुद्र.” मग जिन्याशी जाऊन सांगते, “तो म्हणतो, उंदीर.” गेली तीन वर्षे आम्ही दोघे एकमेकांचे खरे बोलणे ऐकत आहोत. प्रकृतीस ते मानवलेले नाही.

माझ्या आजाराचे वर्तमान खाली पोहोचवावे, असे मी तिला सांगितले. तिने हातातले पातेले खाली ठेवले.

“मीठ सांगते, दारू सांगते, विजेचं बिल सांगते. हे नाही सांगणार. हे तुझ्या तोंडानं सांग.”

“तोंडाला सवय राहिली नाही, लीरी.”

“मग हातानं सांग.”

प्रस्तुत मृत्युपत्राचा उगम हा असा आहे.

कलम ५. तिसरे पिंप. येत्या मे महिन्यात एवांथियाच्या दफनास तीन वर्षे पूर्ण होतील आणि गावच्या नियमानुसार कबर रिकामी करावी लागेल. घरच्या माणसाने हजर राहून हाडे दारूने धुवून पेटीत ठेवावीत, अन्यथा ती सामायिक खड्ड्यात जातात. वैद्यांच्या हिशेबाने मी तोवर स्मशानात पोहोचलेला असेन, परंतु यजमान म्हणून नव्हे.

स्तामाती, आता मध्ये कोणी नाही. तुलाच लिहितो.

तिला तू उचल. पाद्री घाई करील, करू देऊ नकोस. डोक्याचं हाड आधी, हलक्या हातानं. दारू तिसऱ्या पिंपातली घे. त्यातली द्राक्षं तिनं तुडवलेली शेवटची, आणि ती गेल्यापासून तू त्या पिंपाला हात लावलेला नाहीस. मला कोणी सांगितलेलं नाही. तोटीवर जाळं चढलंय, ते जिन्यातून दिसतं. इतकी वर्षं तिनं तुझं-माझं बोलणं धुतलं. तिला त्या खड्ड्यात जाऊ देऊ नकोस रे.

पुढे माझी पाळी येईल तेव्हा पहिल्या पिंपातली चालेल. मला दारूतलं काही कळत नाही, असं तूच सगळ्या गावाला सांगतोस.

येणेप्रमाणे जे माझे होते ते वाटून झाले. वैर शिल्लक राहते. ते घेण्यास कोणी पुढे आल्यास द्यावे.

नाफ्प्लियो, २१ मार्च २०१९.
(सही) थेमिस्तोक्लिस अ. कार्वेलास

साक्षीदार:
१. (सही) फोतिओस झेर्वास, निवृत्त जकात कारकून. (फाशांविषयीच्या मजकुरास हरकत नोंदवून.)
२. (सही) लीरी होज्जा.

जोडटीप, त्याच दिवशी, स्वहस्ते. सही करून लीरी कागद घेऊन तळघरात उतरली. मी पाठवले नव्हते. बऱ्याच वेळाने स्तामातीस वर आला. कागद त्याच्या हातात होता. माझ्याकडे न पाहता तो चुलीपाशी गेला, चण्यांच्या पातेल्याचे झाकण उचलले आणि उभ्याउभ्या एक चमचा खाल्ला. मग आणखी एक.

“लीरी,” तो म्हणाला, “दादाला सांग, आज मीठ अगदी बरोबर आहे.”

“तो इथंच बसलाय.”

“माहितीये,” तो म्हणाला, आणि लेखणी मागितली. ज्याला घर मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा आक्षेप बार्बा फोतीस यांनी घेतला. त्याने ऐकले नाही.

आज चण्यांत मीठ घालावयाचे राहूनच गेले होते, असे लीरीने मागाहून सांगितले. तिला भर घालता येत नाही.

३. (सही) स्तामातीस अ. कार्वेलास, तळघर.