थोरल्याची कोजागिरी

अमरावती,
१४ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पुन्हा कागद घेतला. गुडघ्याला तेल लाव असं मी लिहायचं आणि तू लावायचं नाही, हे आपलं ठरलेलंच आहे, तेव्हा ते लिहीत नाही.

बातमी अशी की तुझे जावई नवाब झाले आहेत. कोजागिरी यंदा रविवारी येते. शनिवारपासून सोमवारपर्यंत ह्यांनी नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात खोली घेतली आहे. खाली कारंजं आहे म्हणे, आंघोळीला टब आहे, आणि लहान कुत्रं आणलं तर त्याला वेगळी गादी, वेगळी वाटी. बुंदीला सोडून जायचं नाही ही ह्यांची पहिली अट. चार ठिकाणी नाही म्हणाले तेव्हा कुठे हे हॉटेल सापडलं. मी विचारलं की एवढा थाट कशाला, तर म्हणाले की कोजागिरीले मले या गच्चीवर थांबायचं नाही, बस्स.

खरं सांगते, मलाही नाही. गच्चीवर सगळी बिल्डिंग जमते, दूध आटतं आणि ज्याची त्याची आई आपल्या थोरल्याला पाटावर बसवून ओवाळते. मागच्या वर्षी अंकुर चांगला सतरा वर्षांचा घोडा, मिशी फुटलेली, तरी बसला. बुंदीला मांडीवर घेतलं आणि तिलाही कुंकू लावायला लावलं मला. यंदा जूनमध्ये तो तापाने गेला. आता मी ताट घेऊन कोणासमोर उभी राहू?

तू म्हणशील वैदर्भी आहे. आहे ना. अकरा वर्षांची पोर, आपली वेणी आपण घालते, डबा आपण भरते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. तिचे डोळे त्याचेच वाटतात. ती काही विचारायला आली की मी भांड्यांकडे वळते. आता ती येतच नाही. जे काय बोलायचं ते बुंदीशी बोलते. यंदा भुलाबाईसुद्धा मांडली नाही. मैत्रिणी गाणी म्हणायला बोलवायला आल्या तर बुंदीला बरं नाही म्हणून परत पाठवल्या. आई, एक गेलं, आणि दुसरं घरात असून माझ्या हातून निसटून राहिलं आहे. मला ते दिसतं. दिसून काही करवत नाही.

तब्येतीला जप. माया आहे तशी असू दे, मी कशी वागते ते मोजू नको.

तुझी,
आरती


अकोला,
१८ ऑक्टोबर

चि. सौ. आरतीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचलं. कुत्र्याची गादी वाचून हसू आलं. तुझे बाबा असते तर म्हणाले असते की मले बी गळ्यात पट्टा बांधून घेऊन चला. मग पुढचं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

आता मी सांगते ते कर. हॉटेलात जा, टबात बसा, कारंजं बघा, पण ताट सोबत ने. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. थोरल्याचं ओवाळणं मोडायचं नाही. तुझ्याआधी गोपाल होता हे तुला ठाऊकच आहे. तो तीन वर्षांचा होऊन गेला तेव्हा तू रांगत होतीस. त्या वर्षी कोजागिरीला मी अंथरुणातून उठत नव्हते. सासूबाईंनी हाताला धरून उठवलं, तुला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या की आता हीच मोठी, ओवाळ. मी ओवाळलं. तेव्हापासून घरातली थोरली तू. त्यानंतर मी चूल पेटवली, शेतात गेले, तुला न्हाऊ घातलं. नाहीतर मी काही उठत नव्हते.

तसंच तू कर. वैदर्भीला पाटावर बसव. आता ती थोरली. सोबत फ्रॉकचं कापड पाठवते. शिवून होणार नाही, तर नुसतं खांद्यावर टाक, अंगावर नवं वस्त्र पाहिजे. रडू आलं तर येऊ दे, हात थांबवू नको. कुलदीपराव काही बोलले तर सासूचा हुकूम आहे म्हणून सांग.

गुडघा बरा आहे. तेल लावलं नाही. आशीर्वाद तुझ्या नावाचे आहेतच, ते मागायचे नसतात.

तुझी,
आई


अमरावती,
२८ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सोमवारी परत आलो. तू वाट बघत असशील म्हणून लिहायला बसले, पण काय लिहू?

हॉटेल फार सुंदर होतं. ह्यांनी बुकिंग चार जणांचं केलेलं निघालं. इतक्या वर्षांची सवय, दोन मोठे दोन मुलं, बोटांनी आपोआप भरलं असेल. काउंटरवरच्या मुलीने अगदी गोड हसून विचारलं की चौथे पाहुणे मागून येणार आहेत का. हे खाली वाकून बुंदीचा पट्टा नीट करू लागले. नाही येणार, असं मीच म्हटलं. वर खोलीत चौथा पलंगही लावलेला, त्यावर टॉवेलचा हंस. बुंदीच्या गादीजवळ तिच्या नावाची पाटी होती. तिने ती गादी हुंगली आणि सरळ जाऊन त्या चौथ्या पलंगावर झोपली. वैदर्भी तिच्या शेजारी. न्याहारीला इतके पदार्थ की बघून दमायला व्हावं. हे प्लेट भरून आणत आणि तशीच पुढे ठेवून बसत. एक वेटर बुंदीला बेबी बेबी करत बिस्किटं भरवायचा. आमच्यात पाहुणचार काय तो तिचाच झाला.

रविवारी संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर कोजागिरीचा कार्यक्रम होता, पण तिथे कुत्र्याला नेऊ देत नव्हते. आम्हाला निमित्तच मिळालं. खोलीच्या बाल्कनीत उशी ठेवली, पाट कुठून आणणार? चंद्र वर आला होता. वैदर्भीला उशीवर बसवून खांद्यावर तुझं कापड टाकलं, कुंकू लावलं. मी ताट उचललं तशी ती उठली, बुंदीला उचलून उशीवर ठेवलं आणि म्हणाली की हिले ओवाळ, ही दादाची हाये, मी मोठी नाही. हे चिडले. गुपचूप बस म्हणून ओरडले. मुलीवर कधी आवाज न चढवलेला माणूस, आई. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि आम्हालाच विचारू लागली की गोपालमामा मोठा होता तो गेला, दादा मोठा होता तो गेला, आता मले काहून मोठी करून राहिले तुमी?

तुझं पत्र मी फ्रीजवर ठेवलं होतं. तिने वाचलं असणार.

हे आत गेले आणि त्या कोरड्या टबात कपड्यांसकट बसून रडले. जूनपासून मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी वैदर्भीजवळ खाली बसले आणि तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. तिचे डोळे त्याच्यासारखे नाहीतच. घारे आहेत, तुझ्यासारखे. मी इतके महिने काय बघत होते कोण जाणे. तिला जवळ घेतलं, तर तिने आमच्या मध्ये बुंदीला धरलं. तशीच धरून राहिली.

त्या रात्रीपासून ती जेवत नाही. दूध पुढे केलं तर ग्लास सरकवते. मोठं व्हायचं नाही म्हणते. ताटातली पोळी टेबलाखाली बुंदीला देते आणि आम्हाला वाटतं जेवली. काल शाळेत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले की खाल्लं नाही तर सलाईन लावावं लागेल. पुन्हा तोच दवाखान्याचा वास, तीच सुई, आणि आता ही. मला भीती वाटते आई, फार भीती वाटते.

एक विचारते, रागाने नाही. माझं लग्न होईपर्यंत दर कोजागिरीला मी त्या पाटावर बसले. ओवाळताना तू माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायचीस. मला वाटायचं चंद्राकडे बघतेस. आई, तुला पाटावर कोण दिसायचं? मला कळलं पाहिजे. मीही वैदर्भीला तशीच ओवाळणार होते.

उत्तर दे, नाही दिलंस तरी लोभ ठेव.

तुझी,
आरती


अकोला,
१ नोव्हेंबर

चि. वैदर्भीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र तुझं आहे. आईने आधी फोडलं असेल तर तिला रागाव.

तू मोठी नाहीस. आजीने चुकीचं लिहिलं होतं. मोठा अंकुर. तो सतरा वर्षांचाच राहणार आणि तू माझ्यासारखी म्हातारी होशील, तुझे दात पडतील, गुडघे दुखतील, तरी मोठा तोच आणि धाकटी तूच. हे कोणाला बदलता येत नाही. मी बदलायला गेले होते, पण तू उशीवरून उठलीस ते बरं केलंस. म्हणून जेव. जेवून कोणी थोरलं होत नाही बाई, नुसतं उंच होतं.

आणि गोपालमामा मोठा होता म्हणून गेला नाही. तो तापाने गेला, आमच्या गावात दवाखाना नव्हता. तुझा दादाही तापाने गेला, दवाखाना असून गेला. ह्याच्यापुढे आजीला काही माहीत नाही. माहीत असतं तर तुला सांगितलं असतं.

बुंदीला पोळी देऊ नको, ती आधीच गोल झाली असेल.

तुझ्या आईने मला एक विचारलं आहे. रोज कागद घेऊन बसते, लिहवत नाही. म्हणून मीच येते. मंगळवारच्या बसने. गोवर्धनमामा गुडघ्यावरून कटकट करून राहिला आहे, पण मी येते. कोजागिरी होऊन गेली, चंद्र अर्धाही उरला नाही, तरी चालेल. घरात पाट असेल तो पुसून ठेव. त्यावर तू बसायचं नाही. तुझ्या आईला बसवायचं. तू ताटाजवळ उभी राहा आणि आजी कुठे बघते त्यावर लक्ष ठेव. माझी नजर तिच्या डोक्यावरून गेली तर मला जोरात चिमटा काढ. इतकी वर्षं त्या पाटावर तिला बसवलं खरं, पण तुझ्या आईला मी अजून एकदाही ओवाळलेलं नाही.

मी येईपर्यंत थोडं तरी खा.

तुझी,
आजी