उजवीकडून वाचलेलं रॉकेटचं पुस्तक

अण्णा, आपलं ते रॉकेटचं पुस्तक आज एका रद्दीवाल्याकडे सापडलं. तेच, काचेची हंडी डोक्यावर घातलेल्या बाईचं. असल्या जुन्या इंग्रजी चित्रकथांनी माझ्या दोन ट्रंका भरल्यात. म्हातारपणी हे काय खूळ, म्हणून घरचे हसतात. या एकासाठी बाकीची जमवली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा आपण दोघं बापलेक उस्मानाबादला भाड्याच्या खोलीत राहायचो आणि आई सोलापूरच्या दवाखान्यात होती. दर रविवारी तुम्ही एसटीनं तिला भेटायला जायचात. लहान मुलांना आत सोडत नाहीत म्हणून मी शेजारच्या काकूंकडे. शेंगांची चटणी मात्र मी स्वतः कुटून डब्यात घालायची. संध्याकाळी डबा रिकामा यायचा. "सगळं खाल्लं बघ आईनं," तुम्ही म्हणायचात, आणि मी पुढच्या रविवारची वाट बघायची.

आखाडात एकदा गेलात ते कितीतरी दिवस आलाच नाहीत. आलात ते डोकं सफाचट करून. तुळजापूरला आईसाठी नवस बोललो होतो, केस दिले देवीला, असं सांगितलंत. "आन् मिशी?" मी विचारलं. "ती बी मागितली देवीनं." मी खो खो हसले. तुमच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत बसले. अण्णा, त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, आणि ती लाज खरं तर तुमची आहे.

त्याच संध्याकाळी पिशवीतून हे पुस्तक निघालं. तुम्ही मांडी घालून बसता, शेवटचं पान उघडता, बोट उजवीकडून डावीकडे सरकवता. लाल माळावर एक बाई एकटीच आहे. मग आभाळात रॉकेट. मग घर, आणि दारात तिची मुलगी.

"आली का ती परत?"

"आलीच की. लेकरू दारात उभं हाय, जाईल कुठं?"

त्यानंतरही दर रविवारी डबा गेला, रिकामा परत आला. दिवाळीला तेरहून आत्या आली आणि मला तेल लावता लावता बोलून गेली, "आईबिगर पहिलाच सण लेकराचा." पहिला म्हणजे काय, मी विचारलं. ती रडायला लागली. मी उठले आणि पुस्तक न्हाणीच्या पेटत्या बंबात घातलं. तुम्ही दारात उभे होतात. म्हणालात, "सांगितलं असतं तर जेवली असतीस का तू?" मी विचारलं, मग डबा कोण खात होतं? पुढं मी शिकले, लग्न होऊन गेले, तुम्ही थकलात, गेलात, पण त्याचं उत्तर दिलं नाहीत. मला फसवलंत याहून, मला चटणी कुटू दिलीत याचा राग जास्त आहे.

आज त्या जळलेल्या पुस्तकाची ही दुसरी प्रत पहिल्या पानापासून वाचली. आता इंग्रजी येतं मला. बाई दारात मुलीचा निरोप घेते, रॉकेटमध्ये बसते, आणि त्या लाल माळावर कायमची अडकते. तुम्ही निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलात, कचेरीतले जुने कागद जन्मभर उजवीकडून वाचलेत, इंग्रजीचा गंध नव्हता; सवयीनं उलटं वाचलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण माझं शाळेचं मराठी पुस्तक तुम्ही डावीकडूनच वाचून दाखवायचात. आणि चित्रं काय, कुणालाही कळतात.

हे सगळं लिहून तुमच्यापर्यंत पोचणार नाही, तसा तो डबाही पोचत नव्हता. राग गेलेला नाही. फक्त मघाशी, घरात कुणी नव्हतं तेव्हा, मी ते पुस्तक पुन्हा शेवटच्या पानावर उघडलं आणि बोट उजवीकडे ठेवलं.